रिकामा चमचा

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पाळणाघराच्या मागच्या अंगणात साडेचार वर्षांचा एक मुलगा घसरगुंडीच्या तिसऱ्या पायरीवरून खाली पडला. डावं कोपर सोलवटलं, रक्त आलं. तो रडला नाही. उठला, कोपराकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.

त्याच वेळी आत, रंगांच्या टेबलाशी बसलेली एक मुलगी किंचाळली. तिच्या हातातला ब्रश खाली पडला. तिने डावं कोपर उजव्या हाताने घट्ट धरलं होतं. ती सव्वाअकरापर्यंत रडत होती.

बाहेरचं मावशींनी पाहिलं, आतलं सिस्टरनी. दोघींनी एकमेकींना काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही नव्हतं. पोरं पडतात, पोरं रडतात.

पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना सगळे सिस्टर म्हणत. ऑपरेशननंतर रुग्णाला ठेवतात त्या वॉर्डात त्यांनी बावीस वर्षं काढली होती आणि तिथली एक सवय इथेही सुटली नव्हती. प्रत्येक मुलाची एक वही होती. मुलाने किती वाजता काय खाल्लं, ते किती वाजता झोपलं, कधी रडलं आणि किती वेळ, हे सगळं त्या मिनिटावारी लिहीत. संध्याकाळी वही मुलाबरोबर घरी जाई, सकाळी परत येई. बहुतेक आईबाप ती उघडतही नसत.

त्या दिवशी मुलाच्या वहीत लिहिलं गेलं: '१०.४०. पडला. डावं कोपर. धुऊन मलम लावलं. रडला नाही.' मुलीच्या वहीत लिहिलं गेलं: '१०.४० ते ११.१५. रडणं. कारण नाही.'

पाळणाघरात मुलांची खरी नावं फक्त वह्यांवर होती. बाकी कारभार मावशींनी ठेवलेल्या टोपणनावांवर चाले. घसरगुंडीवरून पडलेला तो इंजिन, कारण तो चालतानाही तोंडाने आवाज काढायचा. प्रत्येक गोष्टीत वाद घालणारी ती वकील. सगळ्यांत लहान, गोल चेहऱ्याचा तो बटण. आणि रडणारी मुलगी ती टिटवी. तिच्या आईला हे नाव आवडत नव्हतं. पण पोरगी स्वतःच कोणी नाव विचारलं की "टिटवी" सांगू लागली होती, त्यामुळे बोलायची सोय उरली नव्हती.

मुलं एकूण बारा. तीन ते पाच वयाची.

थंडी सुरू झाली तेव्हा या बारा जणांनी पाळणाघर डोक्यावर घेतलं होतं. चावणं, ओरबाडणं, जमिनीवर लोळण, दारात आईचा पाय धरून बसणं. वकिलीणबाईंनी बटणच्या गालाचा असा चावा घेतला की दातांचे ठसे तीन दिवस राहिले. पालकांची बैठक झाली. त्या बैठकीत इंजिनच्या आईने पर्समधून एक बाटली काढली. तिच्या भावाने आपल्या मुलांना दिली होती, फरक पडला होता. लहान मुलांच्या भावनिक संतुलनासाठी पूरक टॉनिक. आत मॅग्नेशियम, झिंक, ब आणि ड जीवनसत्त्वं, माशाचं तेल, संत्र्याचा स्वाद. सिस्टरनी लेबल दोनदा वाचलं, ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना फोन केला. ते म्हणाले, उपयोग होईल असं सांगता येत नाही, अपाय होणार नाही एवढं नक्की.

अकरा पालकांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या. बाराव्या पालकाने, म्हणजे टिटवीच्या आईने, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. मुलीला मासा चालत नव्हता. एकदा चुकून घास गेला होता तर ओठ सुजून हॉस्पिटल गाठावं लागलं होतं.

टॉनिक रोज साडेनऊला, एकेक चमचा. दुसऱ्या आठवड्यात फरक दिसला. तिसऱ्या आठवड्यात अकरा मुलांपैकी एकही रडलं नाही. सकाळी दारात हात सोडायची, वळून न बघता आत जायची. एका आईला तर तेच लागलं. "मेलं जरा तरी मागे बघावं की नाही?" असं ती हसत म्हणाली. वकील जिला अंघोळीलाही सोडत नसे त्या बाहुलीचं डोकं एक दिवस निखळलं. तिने डोकं धडाशेजारी नीट ठेवलं आणि दूध प्यायला गेली.

टिटवीचं रडणं मात्र वाढत गेलं. दिवसातून एकदा, मग तीनदा, मग पाच-सहादा.

तिची आई चष्म्याच्या कारखान्यात काम करत होती. फ्रेमच्या आकारात काच घासायची, कडांची धार मोडायची, बसवून बघायची. दोन काचांचे मध्यबिंदू अर्धा मिलिमीटर जरी चुकले तरी घालणाऱ्याचं डोकं दुखतं, म्हणून ती प्रत्येक जोडी दिव्याखाली धरून तपासत असे. आठवड्यातून तीनदा तिला मशीन बंद करून पाळणाघर गाठावं लागू लागलं. मुकादम वाईट माणूस नव्हता, पण एक दिवस म्हणालाच, "बाई, पोरीच्या गळ्याला मोटार बसवलीय का? आमच्याकडे एवढी टिकत नाही एकही."

पोरीच्या गळ्याचं खरंच वाईट झालं होतं. आवाज घोगरा झाला, मग फक्त हवा येऊ लागली. घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं. स्वरतंतू सुजले होते. "रडू देऊ नका," ते म्हणाले. "असंच चाललं तर आवाज कायमचा जाऊ शकतो."

"कसं थांबवू?" आईने विचारलं.

डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं. ती त्यांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या कानाशी खेळत होती, अगदी मजेत. "घरी काही ताण आहे का?" त्यांनी विचारलं.

घरी ती होती, मुलगी होती आणि मुलीचे आजोबा होते. नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर, दोन महिने तिकडे, एक महिना इकडे. आजोबा टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. ताण म्हणावा असा एकच होता, आजोबा बातम्या फार मोठ्याने लावत.

त्या आठवड्याच्या शेवटी सिस्टरनी तिला दारात थांबवलं.

"हे बघा, तुम्हाला राग येईल, पण स्पष्ट बोलते. अकरा पोरं गुण्यागोविंदाने राहतायत आणि एकीमुळे..."

"अकरा पोरांना औषध पाजताय तुम्ही."

"औषध नाही ते, टॉनिक आहे. आणि तुमच्याच चिठ्ठीमुळे तुमची राहिली. महिनाअखेरपर्यंत बघते मी. नाहीतर तुम्ही दुसरी सोय बघा."

"कुठली सोय, सिस्टर? जवळपास दुसरं पाळणाघर आहे का? आणि गळ्याचं काय? तो इथे काय, तिथे काय, रडली की जाणारच."

"म्हणून तर म्हणते, थांबवा काहीतरी करून."

"सगळे मला थांबवायलाच सांगतात," आई म्हणाली आणि मुलीचं दप्तर खांद्याला लावून निघाली.

सगळ्या वह्यांना मावशींनी एकाच तपकिरी कागदाची कव्हरं घातली होती. घरी आल्यावर आईने दप्तर उघडलं तर आत इंजिनची वही. परत करायला हवी म्हणून तिने ती बाजूला ठेवली. मग बटाटे उकडेपर्यंत सहज चाळली. मंगळवारच्या पानावर तिचा हात थांबला. दहा चाळीस. डावं कोपर.

मंगळवारी संध्याकाळी अंघोळ घालताना तिने मुलीचं डावं कोपर पाहिलं होतं, कारण पोरगी हात लावू देत नव्हती. कोपराला काहीही झालेलं नव्हतं.

शनिवारी दुपारी, मुलं गेल्यावर, तिने सिस्टरना बाराही वह्या मागितल्या. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे छातीशी घेऊन, दोघी बसल्या. आईने टिटवीची वही पुढे ओढली.

"मी वेळ सांगते. तुम्ही बाकीच्यांत बघा."

"काय बघू?"

"त्या वेळेला कोणाला काही झालंय का, ते."

सिस्टरनी कपाळाला आठ्या घातल्या, पण चष्मा लावला.

"सोमवार. नऊ पंचावन्न."

पानं उलटण्याचा आवाज. "वकील. टेबलाची कड कपाळाला लागली. नऊ पंचावन्न. टेंगूळ." त्या थांबल्या. "अहो, इतकी पोरं आहेत, काहीतरी सापडणारच."

"बारा वीस."

"बटण. जीभ चावली जेवताना." मग पानावर बोट ठेवून, "तुमची तेव्हा काय करत होती?"

"तुम्हीच लिहिलंय. झोपली होती. तोंड धरून उठली."

तासाभरात त्यांनी त्या आठवड्यातली एकतीस रडणी तपासली. एकोणतीस जुळली. मिनिटाचाही फरक नव्हता, कारण सिस्टरच्या लिहिण्यात तो कधीच नसे. उरलेल्या दोन वेळी एकेक मूल गैरहजर होतं, म्हणून त्यांच्या वहीत पान कोरं होतं.

सिस्टरनी चष्मा काढून पदराने पुसला. "योगायोग म्हणायचा तरी किती म्हणायचा," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"मला शंभर टक्के बघायचंय," आई म्हणाली.

सोमवारी बटणचं रक्त तपासायचं होतं, महिन्यापूर्वीच ठरलेलं. प्रयोगशाळा पाळणाघरापासून बरीच लांब, नदीच्या पलीकडे. सिस्टर त्याच्या आईबरोबर गेल्या, मदतीला म्हणून. टिटवीच्या आईने अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि पाळणाघरात मुलीसमोर जमिनीवर बसली. मुलगी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती.

अकरा अठराला मुलीने विचारलं, "आई, तू आज का आलीस?"

"तुला बघायला."

"बघ मग," ती म्हणाली आणि नववा ठोकळा ठेवला.

अकरा एकवीसला तिने दहावा ठोकळा उचलला आणि तो हातातच राहिला. उजवा हात डाव्या हाताच्या खोबणीवर गेला, जिथून रक्त काढतात तिथे. तोंड वाकडं झालं, मग ती रडू लागली. आवाज नव्हताच, फक्त श्वास घासत होता. आईने तिला छातीशी धरलं. दुसऱ्या हातातला फोन वाजला.

"झालं," सिस्टर पलीकडून म्हणाल्या. "अकरा एकवीस. हसत होता हो बटण. सुई आत जाताना हसत होता." आणि मग, "तुमच्याकडे?"

आईने फोन मुलीच्या तोंडाजवळ धरला.

सिस्टर तासाभरात परतल्या. स्वयंपाकघरात मावशी पेले विसळत होत्या. आई दारात उभी होती.

"एकदा खरं सांगा, सिस्टर. हिला काय दिलंत?"

"एक थेंब नाही. शपथेवर सांगते. बाटली मावशींकडे असते आणि मावशींना मी दहादा बजावलंय."

मावशींनी नळ बंद केला. "थेंब नाहीच दिला, ताई," त्या म्हणाल्या. "थेंब कशाला देईन? मला काय कळत नाही का? चमचा फक्त."

"कसला चमचा?"

"रिकामा." मावशी पदराला हात पुसत राहिल्या. "सगळी रांगेत उभी असतात. प्रत्येकाला आ करायला सांगते, चमचा घालते. ही शेवटी असते. पहिल्या दिवशी आ करून उभी राहिली. मी म्हटलं, तुला नाही बाळा. तर ओठ काढला हो तिने. सगळ्यांना मिळतं नि मला नाही. पोटात तुटलं माझ्या. मग मी काय करायचे, सगळ्यांचं झालं की रिकामा चमचा हिच्या तोंडात घालायचे. हे घे तुझं, म्हणायचे. खूश व्हायची. चाटूनपुसून घ्यायची."

"चमचा धुऊन?" सिस्टरनी विचारलं.

मावशींनी नळ पुन्हा सोडला.

"मावशी, अकरा चमचे काढून दिले होते मी. उकळलेले. अकरा!"

"रांग खोळंबते हो सिस्टर अकरा चमच्यांनी. घरचीच पोरं, काय होतंय एकमेकांचं उष्टं खाल्लं तर?"

"अकरा तोंडांतून फिरलेला चमचा..." सिस्टर खुर्चीवर बसल्या. "आणि माशाचं तेल! हिला काही झालं असतं म्हणजे?"

"पण झालं नाही ना काही," मावशी म्हणाल्या. बाहेरून टिटवीचा श्वास घासल्याचा आवाज येत होता.

टॉनिक त्याच दिवशी बंद झालं. चमचाही. सिस्टरनी उरलेली बाटली ओळखीने तपासायला पाठवली. लेबलवर होतं तेच निघालं, तेवढ्याच प्रमाणात. बालरोगतज्ज्ञांनी अकरा जणांना तपासलं. वजन योग्य, झोप योग्य, डोळ्यांवर उजेड टाकला की बाहुल्या आकसत होत्या. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडत होता. टिटवीची गोष्ट सिस्टरनी सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सौम्यपणे विचारलं, "सिस्टर, तुम्ही सुट्टी कधी घेतली होती शेवटची?"

टॉनिक बंद होऊन पाच आठवडे झाले. अकरा जणांपैकी कोणीही रडलेलं नाही.

आईने मुलीला पाळणाघरातून काढलं. लांब गेलं की थांबेल, अशी तिची आशा होती. मुलगी आता आजोबांकडे घरी राहते. पाळणाघर साडेचार किलोमीटरवर. रडणं एका मिनिटानेही सरकलं नाही.

सगळ्यांत कठीण सकाळचे नऊ. पाळणाघराच्या दारात अकरा आया अकरा मुलांचे हात सोडतात तेव्हा. पहिल्या सोमवारी आई कामावर गेलीच नव्हती. मुलगी तिच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकत होती. नऊला पाच कमी असताना तिने आईच्या कुडत्याची बाही पकडली आणि रडत म्हणाली, "आई, जाऊ नको."

"मी कुठे जातेय? ही काय, इथेच आहे मी."

"जाऊ नको ना."

"नाही जात गं. बघ, माझ्याच मांडीवर आहेस."

मुलगी आईच्या तोंडाकडे बघत होती आणि आई कुठे दिसत नसल्यासारखी रडत होती. नऊ वाजून दहा मिनिटांनी ती थांबली आणि म्हणाली, "मग सशाने काय केलं?"

आजोबा दारात उभे राहून हे पाहत होते. चहा घेऊन ते सुनेच्या समोर बसले.

"चाळीस वर्षं खांबावर चढलो मी," ते म्हणाले. "क्रॉस कनेक्शन काय असतं, ते मला सांगू नये कोणी. एकाच्या घरचं भांडण दुसऱ्याच्या घरी ऐकू यायचं. लोक शिव्या घालायचे."

"मग काय करायचात, आबा?"

"तार शोधून तोडायची." त्यांनी नातीकडे पाहिलं. "तार दिसायची तेव्हा, सूनबाई."

तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली. सकाळी अकराच्या सुमाराला मुलगी उजव्या हाताची करंगळी धरून रडायला लागली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. थांबेना. एरवी दुखणं हळूहळू ओसरत असे, हे वाढतच होतं. आजोबांनी पाळणाघरात फोन लावला. "बघा हो सिस्टर, कोणाची तरी करंगळी."

सिस्टरनी मुलं मोजली. दहा. वकील मागच्या कोठीत सापडली. जड लोखंडी दार लागलं होतं आणि तिची करंगळी बिजागरीत होती. ती दुसऱ्या हाताने भिंतीवरचा रंग खरवडत उभी होती. कंटाळलेली दिसत होती. बोट वाचलं, नख गेलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर काढावं लागलं असतं.

त्या संध्याकाळी अकराही आयांना टिटवीबद्दल जे ऐकून माहीत होतं, ते पटलं.

मेसेज यायला लागले. 'आज रडली का?' 'कुठे धरून?' 'प्लीज, दोन वाजता ही पडलीय, टाके घालतायत, फार दुखतंय का तिला ते विचारून सांगाल?' एकीने खेळणी पाठवली. एकीने गळ्यासाठी मध आणि ज्येष्ठमध. इंजिनची आई स्वतः घरी आली, सोफ्याच्या कडेला बसली.

"तुम्ही तिला कुठे दाखवताय असं कळलं. रडणं बंद व्हावं म्हणून."

"पुढच्या सोमवारी. मोठे डॉक्टर आहेत."

"थोडं थांबता का?" ती पर्सची साखळी मागेपुढे करत म्हणाली. "म्हणजे, आमच्या पोरांचं परत सुरू होईपर्यंत. याला परवा ताप होता, एकशे तीन. खेळत होता हो. तुमचे सासरे फोन करतात म्हणून कळतं."

"तिचा आवाज जातोय. मुकी होईल ती."

"मला कळतं."

"नाही कळत. माझी पोरगी म्हणजे काय तुमच्यासाठी वाजणारा भोंगा आहे? तुमचं मूल, तुम्ही बघा. रात्रंदिवस डोळे लावून बसा त्याच्यावर. मी बसते तशी."

इंजिनची आई गेल्यावर आजोबांनी बातम्या लावल्या नाहीत.

मोठ्या डॉक्टरांनी झोप आणणारं सौम्य औषध लिहून दिलं. त्याने मुलगी झोपली आणि झोपेत रडली. दुसरं औषध दिलं, त्याने ती रडली नाही, दोन दिवस. त्या दोन दिवसांत इंजिनच्या कानाचा पडदा फाटला आणि ते उशीवर पू दिसला तेव्हा कळलं. आईने त्या औषधाची पट्टी कपाटात ठेवली. फेकली नाही आणि पुन्हा दिलीही नाही. पुढच्या तारखेला तिने डॉक्टरांना सांगितलं, की मला ती रडायला नकोय. एवढंच बघा. डॉक्टर म्हणाले, मीही तेच बघतोय.

मागच्या गुरुवारी बटणच्या वडिलांची बदली झाली. घर हलवलं. नवीन शहर गाडीने नऊ तासांवर. जाण्याआधी बटणच्या आईने टिटवीच्या आईचा नंबर दोनदा तपासून घेतला आणि स्वतःचा लिहून दिला. "काही झालं तर लगेच कळवाल ना?" ती म्हणाली. टिटवीच्या आईने नंबर घेतला.

आज बुधवार. आईची सुट्टी होती. दुपारी तीन पंचावन्नला मुलगी खिडकीपाशी चित्र काढत होती. तिने पेन्सिल ठेवली आणि रडू लागली. हात कुठेच गेला नाही. कोपर नाही, डोकं नाही, पोट नाही. ती उभी राहिली आणि खोलीभर बघू लागली, एकेका कोपऱ्यात.

"काय झालं? कुठे दुखतंय?"

"आई कुठाय?" मुलगी म्हणाली. तो आवाज नव्हता, ओठ हलले तेवढंच.

आजोबांनी चारला पाळणाघरात फोन केला. सिस्टरनी दहा मुलं भिंतीला उभी केली, हातपाय तपासले, तोंडं उघडून पाहिली, ताप पाहिला. दहाही व्यवस्थित. "एकेकाला विचारलं मी," त्या म्हणाल्या. "आई हवी का? नको म्हणतात."

आईने बटणच्या आईला फोन लावला. रिंग गेली, कोणी उचलला नाही. तिने पुन्हा लावला. त्याच्या वडिलांचा नंबर सिस्टरकडून घेतला, तोही लावला. तोवर मुलगी घरभर फिरत होती. पलंगाखाली बघत होती, दारामागे बघत होती, आईला ओलांडून पुढे जात होती. साडेचारनंतर तिला दम लागायला लागला. आजोबा पाण्याचा पेला घेऊन तिच्या मागेमागे.

चार अठ्ठेचाळीसला ती थांबली. हळूहळू नाही. श्वास आत घेतलेला होता, तो तिने सोडला, आणि खिडकीपाशी जाऊन पेन्सिल उचलली.

सिस्टरनी नव्या शहराच्या पोलिसांचा नंबर मिळवून पाच वीसला फोन केला. हरवलेल्या मुलाची कुठलीही तक्रार नोंदली गेलेली नव्हती. तुम्ही मुलाच्या कोण, असं त्यांनी विचारलं. तुम्हाला कसं कळलं, असंही विचारलं. सिस्टरनी आपला पत्ता आणि फोन नंबर सांगून ठेवला.

सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. इतर दहा मुलं आपापल्या घरी पोचली आहेत. टिटवी रडलेली नाही. आईने तिला दोनदा विचारलं, कुठे काही होतंय का. मुलगी नाही म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने कंटाळून आईकडे पाहिलं. आजोबा म्हणाले, "तिला एकटं सोड जरा." आई तिच्यासमोर जमिनीवर बसून राहिली आहे, तिच्या तोंडाकडे बघत. फोन तिच्या कानाला आहे. बटणच्या आईचा नंबर बंद नाही, रिंग जाते आहे.